डोनर आणि चॅन्सलर

बर्लिनला गेलेला मराठी पोरगा प्रवेश मेकॅनिकलला घेतो, पण पहिल्या सत्रात पाढेच घोकतो: युरोचे रुपये किती. या गुणाकाराने भूक मरते, तेवढीच बचत. बाकी आधार ‘मेन्झा’चा, म्हणजे अनुदानावर चालणाऱ्या विद्यापीठीय खाणावळीचा. एकाच ताटाला तिथे तीन भाव: विद्यार्थ्याला कमी, नोकरदाराला जास्त, पाहुण्याला सर्वांत जास्त. पाहुण्याला कापायचं काम आपल्याकडे तोंडी चालतं. जर्मन माणूस त्याचं दरपत्रक लावतो.

दुपार कलली की मेन्झाची बरीचशी दारं बंद. मग डोनर. पावात मांस, कोबी, लसणाचा सॉस आणि वर चिमूटभर राजकारण! २०२४ मध्ये ‘डी लिंके’ या पक्षाने चक्क मागणी केली, की डोनरचा भाव ४.९० युरोवर बांधा, विद्यार्थ्यांना त्याहून स्वस्त द्या. तत्कालीन चॅन्सलर शोल्ट्झनाही लोक डोनरचा भाव विचारायचे. भाव काही बांधला गेला नाही. कांद्यापायी सरकारं गडगडलेल्या देशातून आलेल्या आपल्या पोराला मात्र परदेशात पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटलं.

तो शाकाहारी आहे, म्हणजे आईच्या माहितीप्रमाणे.