सुपरहिरोचा सेफ्टी इन्स्पेक्टर

माणूस उडतो, यावर भाऊंचा आक्षेप नाही. तो भिंतीतून आरपार जातो, डोळ्यांतून आग काढतो, या भागात मरून पुढच्या भागात परत येतो, यालाही त्यांची ना नाही. आक्षेप एवढाच, की इतक्या उंचीवर काम करणाऱ्या माणसाच्या कमरेला सेफ्टी बेल्ट का नाही.

"हाइट परमिट घेतलं का यानं?" मोबाइल समोरच्याच्या नाकाला लावत ते विचारतात. "अन् पायात काय आहे, पाय! मोजे! लोखंडावर उतरून राहिला लेकाचा, अन् पायात मोजे!"

मौद्यात असे भाऊ एकच आहेत असं समजू नका. नागपूर-भंडारा रस्त्यावर, कन्हान नदीच्या आसऱ्यानं वसलेल्या या गावात जिथं पानठेला तिथं एक भाऊ असतोच. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, गालात खर्रा, खांद्यावर पांढरा दुपट्टा. नावं वेगळी, पण मतं एकाच साच्यातली. म्हणून नाव कशाला घ्यायचं; भाऊ म्हटलं की सगळे एकदम मागे वळून पाहतात, आणि आपलं काम होतं.

आमचे भाऊ वीज प्रकल्पात कंत्राटदाराकडे सुपरवायझर आहेत. मौद्याचा हा एनटीपीसीचा औष्णिक प्रकल्प 2320 मेगावॅटचा. पाचशेचे दोन संच आणि सहाशेसाठचे दोन. पण भाऊ मेगावॅटवर बोलत नाहीत. ते साहेब लोकांचं खातं. भाऊंचं खातं हेल्मेट, बूट आणि बेल्ट. सकाळी काम सुरू होण्याआधी माणसं रांगेत उभी करून ते प्रत्येकाला आपादमस्तक न्याहाळतात, आणि संध्याकाळी घरी येऊन तीच नजर सुपरहिरोंवर फिरवतात. तिथं नियम मोडला तर माणसाला गेटबाहेर काढता येतं. इथं फक्त बोलता येतं, म्हणून ते दुप्पट बोलतात.

पाठीवर केप घेतलेला नायक दिसला की त्यांच्या पोटात गोळा येतो. "कन्व्हेअरजवळ ढिला कपडा चालत नाही म्हंजे नाही. रुमालसुद्धा गळ्यात बांधू देत नाही आपण. अन् हा पाच हात धडपं फडफडवत मशीनमधून पळून राहिला!" अशा वेळी त्यांना खलनायकाची भीती वाटत नाही, पट्ट्याच्या रोलरची वाटते. नायक जगला तर ते निःश्वास टाकतात आणि पुढचा प्रश्न काढतात.

पुढचा प्रश्न खिशाचा. एवढ्या जगाची जबाबदारी घेतलेल्या माणसाच्या अंगावर एक खिसा नसावा, याचा त्यांना मनापासून खेद आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर चढला की अख्खा विदर्भ डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि खिशात कांदा टाकून बाहेर पडतो. कांद्यानं ऊन लागत नाही ही इथली श्रद्धा. "याले ऊन लागलं तर?" भाऊ विचारतात. "कांदा ठेवन कुठी? अन् हा रबराचा सूट घालून हा मौद्यात एक दुपार काढून दाखवन काय? जगाले वाचवणं लांब राह्यलं, आधी यालेच ग्लुकोज लावा लागन."

तुम्ही हसाल. पण एकदा भाऊ खरे ठरलेत आणि त्या दिवसापासून त्यांना आवरणं कठीण झालं आहे. 'द फ्लॅश' नावाची अमेरिकन मालिका. विजेच्या वेगानं धावणारा नायक, लाल पोशाख. 2018 साली पाचव्या सीझनमध्ये त्याला नवा पोशाख शिवला, आणि त्यात मुखवट्याचा हनुवटीखालचा पट्टा गायब. तिकडच्या प्रेक्षकांनी नाकं मुरडली. चेहरा कसा उघडाबोडका दिसतो म्हणाले. पुढच्याच वर्षी, सहाव्या सीझनला, पट्टा परत आला. तिकडच्यांची तक्रार सौंदर्याची होती. भाऊंची शुद्ध तांत्रिक. हेल्मेटचा हनुवटीपट्टा न बांधणाऱ्या माणसाला ते रोज सकाळी जे सुनावतात, तेच त्यांनी फ्लॅशला सुनावलं होतं. पट्टा परत आल्याचं कळलं तेव्हा भाऊंनी पानठेल्यावर सगळ्यांना स्वतःच्या पैशानं चहा पाजला आणि म्हणाले, "आइकलं ना शेवटी." कोणी ऐकलं, कसं ऐकलं, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. चहा फुकटचा होता.

घरात मात्र त्यांना तोडीस तोड माणूस आहे. पुतणी नागपूरला कॉलेजात जाते, रोज बसनं जाणं-येणं. बस स्टँडपर्यंत स्कूटी. 'सुपरगर्ल' तिनंच त्यांना दाखवली. त्यातली नायिका 2015 पासून चार सीझन स्कर्टवर उडली आणि 2019 मध्ये पाचव्या सीझनला तिला पँट मिळाली. भाऊंना यात विशेष काही दिसलं नाही. बूट होते ना पायात, मग झालं. पुतणी म्हणाली, "काका, तुम्ही एकदा लुंगीवर स्कूटी चालवून दाखवा. महामार्गावरून. बाजूनं ट्रक गेला पाहिजे." भाऊ विचारात पडले. मग त्यांनी सुपरगर्लच्या सुरुवातीच्या चार वर्षांची फाइल फेरतपासणीसाठी उघडली आणि निकाल दिला: "चार वर्सं लागले यायले? त्यायच्या हिथं एकबी बाई ड्युटीवर नोयती काय?" मला वाटतं, या विषयावर मी वाचलेल्या ऐकलेल्या सगळ्या टीकेत याच्याइतकं नेमकं दुसरं काही नसेल.

ही नजर त्यांच्यात प्रकल्पानं आणली असं मात्र नाही. प्रकल्प अलीकडचा, नजर फार जुनी. दिवाळी झाली की आमच्या पट्ट्यात गावोगावी मंडई भरते. रात्री दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं. त्यात बाईचं काम पुरुष करतो, आणि आदल्या दिवशी त्याला धानाच्या वावरात विळा चालवताना साऱ्या गावानं पाहिलेलं असतं. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. पण त्याच्या लुगड्याचा काठ वाकडा गेला तर म्हाताऱ्या बाया पुढे सरसावून बोलतात. गावानं सोंग मान्य केलेलं असतं, पण सोंगाची इस्त्री मोडलेली चालत नाही. भाऊ आईच्या मांडीवर बसून हे बघत मोठे झाले.

आणि मग 1997 आलं. दूरदर्शनवर 'शक्तिमान'.

इथं भाऊंचा आवाज बदलतो. फ्लॅश, सुपरगर्ल हे परगावचे पाहुणे, शक्तिमान घरचा. रविवारी दुपारी गल्लीतल्या ज्या घरी टीव्ही असेल त्या घरी पोट्ट्यांचा ढीग, आणि वीज गेली तर ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडायची. त्या मालिकेतला खलनायक तमराज किल्विष हा अंधाराचा सम्राट. भारनियमनाच्या त्या दिवसांत त्याच्याबद्दल कोणाला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती, दिवे गेले की पोट्टे ओरडत, "किल्विष आला बे!"

टीव्ही कृष्णधवल. म्हणजे शक्तिमानचा पोशाख राखाडी. आता यावरून जे रण माजलं ते आजच्या कुठल्याही चाहत्यांना झेपायचं नाही. एक गट म्हणे पोशाख तपकिरी आहे. दुसरा म्हणे जांभळा. भाऊंचा गट निळ्याचा, कारण सुपरमॅनचा निळा असतो असं त्यांच्या कोण्या भंडाऱ्याच्या मामेभावानं सांगितलं होतं. छातीवरच्या चिन्हावर सगळ्यांचं एकमत होतं, की ते सोन्याचं. मग कधीतरी वहीच्या पुठ्ठ्यावर रंगीत शक्तिमान आला. लालसर, मरून, त्यावर सोनेरी. निळ्या गटानं छपाईत चूक आहे असं जाहीर केलं आणि पुरावा येईपर्यंत भूमिका बदलायची नाही असं ठरवलं. पुरावा भंडारा रोडवरच्या एका दुकानातल्या रंगीत टीव्हीनं दिला. भाऊ सांगतात, त्या दिवशी ते जेवले नाहीत.

त्याहून मोठी पंचाईत आजीची. शक्तिमान झालेले मुकेश खन्ना म्हणजे 'महाभारत'मधले भीष्म. आजीनं त्या भीष्माला टीव्हीसमोर उदबत्ती लावून हात जोडलेले. पांढरी दाढी, पांढरे केस, शरपंजरी पडलेला तो महापुरुष दाढी काढून, अंगाला घट्ट कपडे घालून भोवऱ्यासारखा फिरताना पाहिल्यावर आजी सुन्न झाली. "भीष्माले हे काऊन कराले लावलं?" असं तिनं विचारलं म्हणतात. कोणी म्हणालं, आजी, तो दुसरा आहे. आजी म्हणाली, "मले नको शिकवू. आवाज तोच हाय." पुढं तिनं मार्ग काढला. प्रत्येक भागाला हात जोडायची, पण डोळे मिटून.

आजीची ही आवाजाची पारख आठवली की गंगाधरचा प्रश्न येतोच. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री: दात पुढे, डोळ्याला चष्मा, 'आज की आवाज' या वर्तमानपत्रात छायाचित्रकार. हाच शक्तिमान, आणि शेजारी बसणाऱ्या गीता विश्वासला पत्ता नाही! कुंडलिनी जागृत होते, पंचमहाभूतं वश होतात, हे भाऊंना पटलं. पण चष्मा लावला म्हणून माणूस ओळखू येत नाही, हे मौद्याच्या माणसाला कसं पटावं? इथं उन्हाळ्यात तोंडाला दुपट्टा बांधून, फक्त डोळे उघडे ठेवून स्कूटीवर गेलेली पोरगी कोणाची, कोणत्या आळीची आणि कुठं चालली, हे पानठेल्यावरचा माणूस मान वर न करता सांगतो. करोनात सगळे मास्क लावून फिरत होते, तेव्हाही उधारी वसूल करणाऱ्यांची अडचण झाल्याचं कोणाला आठवत नाही.

"ते गीता पत्रकार होती ना?" भाऊ आजही विचारतात. "मंग तिले आमच्या ठेल्यावर पंधरा दिवस बसवाले पायजे होतं."

गीताचं दुसरं दुखणं वेगळं. सुरुवातीला ती किटू गिडवानी होती, नंतर वैष्णवी महंत झाली. चेहरा बदलला, बाकी सगळे जसेच्या तसे. कोणाला काही वाटलं नाही, ना शक्तिमानला, ना संपादकाला. भाऊंनी यावर एक उपपत्ती मांडली होती, ती मला फार आवडते. शक्तिमान चष्मा काढला की ओळखू येत नाही, आणि गीता पूर्ण बदलली तरी ओळखू येते. म्हणजे त्या शहराची माणसं चेहरा पाहतच नाहीत, फक्त कपडे पाहतात. "म्हून तर म्हनतो," भाऊ बोट उगारतात, "कपडे महत्त्वाचे."

यावर उत्तर नाही.

2005 ला मालिका संपली. पोट्टे मोठे झाले, कोणी नागपूरला गेलं, कोणी पुण्याला, भाऊ प्रकल्पाच्या गेटला लागले. पुढं हातात मोबाइल आला आणि परदेशी सुपरहिरोंची रांग लागली. त्यांच्यावर भाऊ रोज शेरे मारतात, पण नीट ऐकलं तर एक गोष्ट कळते. ज्या मालिकेत मन लागत नाही तिच्याबद्दल ते बोलतच नाहीत, मोबाइल खिशात टाकतात. सेफ्टी बेल्ट विचारला म्हणजे समजावं, जीव गुंतला आहे.

2024 च्या नोव्हेंबरात मुकेश खन्ना पुन्हा तोच मरून-सोनेरी पोशाख घालून लोकांसमोर आले. वय सहासष्ट. मोबाइलवर लोकांनी जी थट्टा मांडली ती ठेल्यावरही पोचली. दोन जवान पोरं पडद्यावर बोट ठेवून खिदळत होती: पोट बघ, पट्टा बघ. पोशाखाच्या बाबतीत भाऊंपेक्षा कडक कोण? सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. भाऊंनी मोबाइल घेतला, बोटांनी चित्र मोठं केलं, छातीचं चिन्ह पाहिलं, कोपरं पाहिली, बूट पाहिले.

"बूट बराबर आहेत," ते म्हणाले. "पट्टा दोन बोटं वर पायजे होता. बाकी ओके."

"पण भाऊ, वय झालं ना! प्रकल्पातले साहेबसुद्धा साठीला घरी जातात. याला कोणी रिटायर का करत नाही?"

भाऊंनी खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला.

"कंत्राटी असन," ते म्हणाले.