पायाला पंखा

रात्री साडेअकराला दिग्याचा फोन आला, की मी 'हॅलो' म्हणत नाही. 'किती?' असंच विचारतो.

'एकाहत्तर. पाय फार तापलाय रे.'

असा एक दिग्या तुमच्याकडेही असणार. चहापेक्षा गाळणीत जास्त रमणारा. आमच्या दिग्याचा पाय म्हणजे रास्पबेरी पाय. २०१९ साली आलेला 'पाय फोर', तळहातावर मावणारा अख्खा संगणक. त्यात रेट्रोपाय टाकून लहानपणीचे गेम खेळायचे, असा बेत होता. होता!

पहिल्यांदा 'पाय तापलाय' असं तो ओरडला, तेव्हा त्याची आई आतून तूप आणि काशाची वाटी घेऊन आली. 'कुठला? डावा?' ती वाटी तेव्हापासून टेबलावरच आहे. आता तिच्यात स्क्रू असतात.

पुण्याच्या तपकीर गल्लीतून पाच व्होल्टचा पंखा आणला. तो दिवसरात्र गिरणीसारखा घरघरायचा. मग दिग्यानं ठरवलं, पाय तापेल तेव्हाच पंखा फिरला पाहिजे. पंखा थेट पायच्या चालू-बंद करणाऱ्या पिनेला जोडता येत नाही, तेवढा करंट देण्याची तिची ताकद नसते. पिन म्हणजे साहेबाची चिठ्ठी. ओझं उचलायला मध्ये ट्रान्झिस्टर लागतो. हे मला लग्नाच्या पंगतीत, मठ्ठ्याच्या वाटीत जिलबी बुडवून समजावण्यात आलं. शिवाय साठ अंशांना चालू आणि साठलाच बंद असं ठेवून चालत नाही. मग तो रुसलेल्या जावयासारखा सारखा आत-बाहेर करतो. म्हणून ६०ला चालू, ५०ला बंद.

पायच्या सेटिंगच्या फाइलीत ६० अंश हे ६०००० असे लिहावे लागतात. दिग्या फोनवर कुणाला तरी म्हणाला, 'पंखा साठ हजारावर लावलाय.' दुसऱ्या दिवशी वहिनींचा मला फोन. 'भावजी, साठ हजारांचा पंखा असतो का हो?'

खरी गंमत पुढेच. कॉन्ट्रासारखा जुना गेम चालवताना हा पाय फारसा तापतच नाही! ८० अंशांच्या आसपास तो स्वतःच वेग कमी करतो, पण तिथवर पोचायला काम तर पडलं पाहिजे. तेव्हा दिग्या चाचणीचा प्रोग्राम लावून त्याला मुद्दाम तापवतो, पंखा सुरू झाला की टाळी वाजवतो, गार झाला की पुन्हा तापवतो. गेल्या दिवाळीपासून त्या यंत्रावर एकही गेम खेळला गेलेला नाही. 'थोडं सेटिंग राहिलंय.'

मी हसतो खरा, पण या पंखेगिरीत माझाही हात आहे. नव्वदच्या दशकात आमच्या आळीत टीव्हीगेम फक्त दिग्याकडे होता. त्याची आई शाळेत शिकवायची. साडेपाचला घरी आली, की पर्ससुद्धा खाली न ठेवता आधी ॲडॉप्टरला हात लावायची. गरम लागला, की दोघांचे कान लाल. म्हणून बरोबर पाचला खेळ बंद. मग दिग्या भूगोलाच्या वहीनं ॲडॉप्टरला वारा घालायचा आणि मी गॅलरीत उभा राहून रस्त्यावर नजर ठेवायचो. गेम त्याचा, पण कान पिळले जाताना 'ह्याला मी सांगितलं खेळू या म्हणून' हे तो दर वेळी आपल्या अंगावर घ्यायचा. माझा स्वतःचा गेम कधीच नव्हता, हे त्यानं एकदाही बोलून दाखवलं नाही.

परवा गेलो, तर पंखा अगदी हवा तसा चालत होता. म्हणजे बंद होता. पडद्यावर एक्केचाळीसचा आकडा. दिग्या अभिमानानं बघत बसलेला. दिग्याची आई, आमच्या काकू, काठी टेकत आल्या. ऐंशीच्या पुढे वय, दृष्टी अधू झालेली. चाचपडत त्यांचा हात टेबलावरून फिरला, काशाची वाटी लागली, मग पायची डबी. तिच्यावर त्यांनी तळवा ठेवला. जरा वेळ तसाच.

'गार आहे,' त्या म्हणाल्या. 'आज खेळला नाहीत रे दोघं?'

दिग्यानं माझ्याकडे पाहिलं. मग खणातून दुसरा रिमोट काढून, त्यावरची धूळ फुंकून, माझ्या हातात दिला.