ऑफ तास

शिक्षकांइतकी भरभर जेवणारी जमात मी दुसरी पाहिलेली नाही. मधली सुट्टी कागदावर तीस मिनिटांची असते. तिच्यातली पहिली पाच मिनिटं घंटा झाल्यावरही फळ्यावरचं उतरवून घेणाऱ्यांची. पुढची दोन-तीन ‘बाई, यानं माझा डबा उघडला’ या खटल्याची. शेवटची पाच हात धुऊन, डस्टर शोधून पुन्हा जिना चढण्याची. मधे जे काही उरतं त्यात घरचा फोन, वह्यांचा गठ्ठा, मुख्याध्यापकांचं ‘जरा येऊन जा’ आणि जमलं तर डबा. आमच्या शिक्षक-खोलीत दोन पोळ्या, भाजी आणि डब्याच्या झाकणात कालवलेला आमटी-भात बघता बघता दिसेनासा होतो, वर तांब्याभर पाणी घटाघटा जातं आणि माणूस तोंड पुसत नववी ‘ब’कडे निघतो. नोकरीला लागल्यापासून मीही याच चालीनं जेवत आले.

मग माझं पोट लहान करण्यात आलं.

मुंबईला जाऊन दुर्बिणीतून ऑपरेशन केलं, एवढंच गावाला माहीत आहे. चिपळुणात दुर्बिणीचं ऑपरेशन म्हटलं की लोक पित्ताचे खडे समजतात आणि मी तो समज मोडायला जात नाही. प्रत्यक्षात ती होती स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरलेल्याची अरुंद नळी ठेवतात. तिच्यात सुरुवातीला शंभर-दीडशे मिलिलीटर मावतं. हे कोणी हौसेनं करून घेत नाही. आपल्याकडच्या माणसांना मधुमेह तुलनेनं कमी वजनातच गाठतो, म्हणून आशियाई लोकांच्या बाबतीत बीएमआय २७.५ च्या पुढे गेला की या शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा, असं २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. माझं वजन आणि माझी साखर, दोघंही त्या रेषेच्या बऱ्याच पलीकडे संसार थाटून बसली होती.

मी विज्ञान शिकवते. पचनसंस्थेची आकृती फळ्यावर काढताना जठराचा तो डौलदार बाक आला की हात किंचित थांबतो, कारण आता मी जे काढते ते माझ्याकडे नाही. “बाई, जठरात किती मावतं?” असं विचारणारा एक तरी मुलगा प्रत्येक वर्गात असतो. “मोठ्या माणसाच्या, लीटर-दीड लीटर,” असं मी पुस्तकाला धरून सांगते. सगळंच स्वानुभवातून शिकवायचं नसतं.

आमचे संस्कृतचे सर मात्र एकदा गोत्यात आले. त्यांना खरी गोष्ट माहीत आहे. माझी बोटभर उंचीची डबी पाहून ते म्हणाले, “बाई, वाग्भटानं सांगून ठेवलंय. पोटाचे चार भाग करावेत. दोन अन्नाला, एक पाण्याला, एक वाऱ्याला मोकळा.” मी म्हटलं, “सर, माझे तीन भाग मुंबईत राहिले. उरलेल्या एकाचं काय करू ते वाग्भटाला विचारून सांगा.” सर अजून विचारताहेत.

लोकांना वाटतं, असं ऑपरेशन झालेला माणूस दिवसभर भुकेनं तळमळत असेल. तसं नसतं. भूक लागल्याचा निरोप मेंदूला पोचवणारं घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक आहे. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधलं. जठराच्या वरच्या फुगीर भागात ते मुख्यतः तयार होतं, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. त्यामुळे निदान पहिले काही महिने तरी भूक फिरकत नाही. जेवायची आठवण ठेवावी लागते. वरणाचा वास आल्यावर ज्या बाईची सही तिरकी व्हायची, तिला आता ‘दोन वाजले, जेवा’ म्हणून मोबाईल खडसावतो.

नियम ऐकायला साधे आहेत. घास सुपारीएवढा. तो वीस-पंचवीस वेळा चावायचा. जेवणाला वीस ते तीस मिनिटं द्यायची. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास पाणी नाही. काही डॉक्टर जेवणाआधीचा अर्धा तासही बंद ठेवतात; माझे त्यांतले निघाले. आणि तरी दिवसभरात दीड ते दोन लीटर पाणी पोटात गेलं पाहिजे, तेही घोटाघोटानं, कारण गटागटा प्यायला आत जागा नाही.

कोकण रेल्वेनं गणपतीला आलेल्या माणसाला हे लगेच समजेल. मार्ग बहुतेक एकेरी. समोरून गाडी यायची असली की आपली गाडी कुठल्याशा स्टेशनात बाजूच्या रुळावर नेऊन उभी करतात आणि मग ती उभीच राहते. माझ्या पोटात आता तेवढा एकच रूळ आहे. अन्न निघालं की पाणी क्रॉसिंगला, पाणी निघालं की अन्न. फरक इतकाच, की रेल्वेत निदान भजीवाला तरी चढतो.

आता हे शाळेच्या वेळापत्रकात बसवून बघा. मधली सुट्टी दोनला. म्हणजे दीडला पाणी बंद. अडीचपर्यंत जेवण उरकलं असं धरू (उरकत नाही), तर पाणी उघडणार तीनला. मधला दीड तास कोरडा, आणि त्या दीड तासात माझे दोन तास. घसा खडूच्या धुळीनं माखलेला, समोर पन्नास मुलं, विषय उत्सर्जन संस्था. टेबलावर पाण्याची बाटली आहे आणि मी तिच्याकडे बघत मूत्रपिंडाचं कार्य समजावून सांगते आहे.

त्यात ज्या दिवशी माझ्याकडे चव नोंदवही असते, त्या दिवशी तर विचारू नका. पाचवी ते आठवीच्या मुलांना शाळेत पोषण आहार मिळतो. तो वाढण्याआधी अर्धा तास एका शिक्षकानं खाऊन बघायचा आणि वहीत शेरा लिहून सही करायची. म्हणजे दीडला खिचडी. मी आहारतज्ज्ञ मॅडमना फोन करून विचारलं, चमचाभर खिचडी हे जेवण धरायचं का? त्या आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, धरायचं. म्हणजे पाणी एक वाजताच बंद. पण एक सांगते, माझ्याइतकी चावून चावून खिचडी या शाळेत आजवर कोणी तपासलेली नसेल. बाकीच्यांचा शेरा ‘चव चांगली’ एवढाच असतो. मी ‘डाळ किंचित कमी शिजली आहे, मोहरी तडतडलेली नाही’ असं लिहिते. स्वयंपाकाच्या काकू माझी पाळी आली की पदर खोचून उभ्या राहतात.

त्या खिचडीनंच मला माझी पायरी दाखवली. सहावी ते आठवीच्या मुलाला या एका जेवणातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं सरकारी माप आहे. मला अख्ख्या दिवसात ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत. नाहीतर चरबीबरोबर स्नायू झिजतात आणि केस कंगव्यात येतात. आणि माझ्या दुपारच्या डबीत सगळं मिळून आठ-दहा ग्रॅम. सातवीतला किडकिडीत पोरगा दुसऱ्यांदा ताट पुढे करतो तेव्हा मला त्याचा हेवा वाटतो, तोही भाताचा नाही, प्रथिनांचा.

या हिशेबात मला तारलं कुळथानं. आयुष्यभर ज्या कुळथाच्या पिठीला मी ‘पावसात घरात काही नसलं की करायचा प्रकार’ म्हणून नाक मुरडलं, तिच्या शंभर ग्रॅम पिठात बावीसेक ग्रॅम प्रथिनं निघाली. शिवाय मऊ, चावायला सोपी, आणि लसणाच्या फोडणीमुळे आजाऱ्याचं खाणं वाटत नाही. फक्त एक घोळ झाला. पिठी जेवण की पेय? पातळ केली तर ती नळीतून सरळ खाली उतरते, पोट भरल्याचं समाधान देत नाही, आणि वर पाण्याच्या नियमात अडकते. शेवटी चमचा उभा राहील इतकी घट्ट पिठी म्हणजे जेवण, असा निर्णय झाला. सोलकढीचं मात्र फार वाईट झालं. जेवणाच्या शेवटी यायचं हाच तिचा धर्म, आणि शेवटी तर दार बंद. आता ती संध्याकाळी पाचला एकटी येते. चहाच्या वेळेला सोलकढी पिणारी बाई म्हणून सासूबाई माझ्याकडे ज्या नजरेनं बघतात, ते सांगण्यासारखं नाही.

मासे मऊ असतात, प्रथिनंही भरपूर. सुरमईचा एक तुकडा म्हणजे अर्धी लढाई. पण शिक्षक-खोलीत सुरमई उघडणं हा लोकशाहीचा प्रश्न आहे. तो मी रविवारवर टाकला आहे.

उरलेली प्रथिनं मी भुकटीच्या रूपानं शेकरमधून पिते. तो डबा खळाखळा हलवताना दहावीच्या मुलांनी एकदा पाहिलं. तेव्हापासून बाई जिमला जातात, अशी वदंता आहे. मुलांच्या नजरेत माझी पत एकदम वाढली. मी हाही समज मोडलेला नाही.

गोळ्यांचं थोडक्यात सांगते: व्हिटॅमिनं जन्मभर घ्यायची आहेत. कॅल्शियम आणि लोह एकत्र चालत नाहीत, त्यांच्यात किमान दोन तासांचं अंतर हवं, आणि लोहाच्या आसपास चहाही नको. शाळेला घंटा असते ही यात मोठी सोय. पहिल्या तासाला लोह, सुट्टी झाल्यावर कॅल्शियम.

पाण्याच्या बाबतीतही घंटेनंच हात दिला. केरळमधल्या शाळांनी २०१९ मध्ये पाण्याची वेगळी घंटा सुरू केली. मुलं तहानेकडे लक्ष देत नाहीत म्हणून ठरावीक वेळी सगळ्यांनी पाणी प्यायचं. ती टूम आमच्याकडेही आली. घंटा झाली की वर्गभर बाटल्या वर होतात, आणि त्यात माझीही. एक घोट म्हणजे पंचवीसेक मिलिलीटर धरले, तर दीड लीटरला साठ घोट होतात. निम्मे शाळेत, निम्मे घरी. मुलं दोन दमात बाटली रिकामी करून माझ्याकडे बघत बसतात, आणि मी आपली चिमणीच्या गतीनं. “बाई, गरम आहे का?” असं एकीनं काळजीनं विचारलंही.

सगळ्यांत सोपं काय गेलं विचाराल, तर चहा. शिपाईमामा वर्षानुवर्षं आम्हाला इतक्या लहान ग्लासातून चहा देत आलेत, की माझ्या नव्या पोटासाठी त्यात काहीही बदल करावा लागला नाही. साखर तेवढी सोडली.

अवघड गेले ते पेढे. शाळेत पेढ्यांना कारण लागत नाही. निकाल, नातू, वेतननिश्चिती, गाडी, गाडीचा विमा. ‘अर्धा तरी घ्या’ हे वाक्य ज्या जिव्हाळ्यानं येतं त्याच्यापुढे वैद्यकशास्त्र लुळं पडतं. गोड अंगावर आलं की छातीत धडधड, घाम, गरगर. जठराची बायपास झालेल्यांना जास्त, पण स्लीव्हवालेही सुटत नाहीत. मी पेढा घेते, कपाळाला लावते आणि पर्समध्ये ठेवते. प्रसाद समजून कोणी वाईट वाटून घेत नाही. माझा पुतण्या हल्ली मी घरी आले की आधी पर्सकडे बघतो.

पण हे सगळं विनोदात खपतं. न खपणारी गोष्ट एकच, बदली तास. मधल्या सुट्टीत माझ्या वाट्याला खरी मिनिटं येतात पंधरा-अठरा. डबी लहान, तरी तिला लागतात पंचवीस. परवा चार घास राहिले असताना मामा बदली तासाचा कागद घेऊन उभे राहिले. आठवी ‘अ’चे सर रजेवर. ते चार घास मी इतरांसारखे खाल्ले, म्हणजे गिळले. जिना चढेपर्यंत छातीच्या मधोमध दगड. घास अडकला की तोंडाला पाणी सुटत राहतं, फेसासारखं, आणि बोलता येत नाही. मी फळ्यावर ‘धडा मनात वाचा’ असं लिहिलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. आठवी ‘अ’ इतकी शांत बसली होती, की मुख्याध्यापक काय झालं ते बघायला आले. “वर्गावर पकड असावी तर अशी,” असं म्हणून गेले.

गंमत म्हणजे मला काही जास्त नको आहे. डॉक्टरांचा अर्धा तास आणि शाळेचा तास जवळजवळ सारखेच आहेत. तास पस्तीस मिनिटांचा. मधल्या सुट्टीला जोडून तेवढा एक मोकळा मिळाला, तर डबीही संपते, पाण्याचं क्रॉसिंगही संपतं आणि पुढच्या वर्गावर मी बोलत्या घशानं जाते. आठवड्याला माझे जेवढे ऑफ तास आहेत तेवढेच राहू देत. त्यांतले सकाळचे काढून इकडे आणायचे आहेत, बस. आणि खरं सांगायचं तर हे माझ्यापुरतंही नाही. गणिताच्या बाईंना आम्लपित्त आहे, क्रीडाशिक्षकांना साखर, आणि संस्कृतच्या सरांना दातच कमी आहेत. भरभर गिळणं त्यांपैकी कोणालाच परवडत नाही. फक्त कागदपत्रं माझ्याकडे आहेत.

तेव्हा जूनमध्ये शाळा उघडण्याआधी जी वेळापत्रक समिती बसते, तिला ही जाहीर विनंती: मधल्या सुट्टीनंतरचा तास मला ऑफ द्यावा, त्यावर बदली लावू नये, आणि चव नोंदवही सोमवारची द्यावी. डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. त्यात पित्ताच्या खड्यांचा उल्लेख नाही, तेवढं कृपया आपल्यापाशीच ठेवावं.