भिजत घातलेलं पिंप

'बिंज' हा शब्द कानावर पडला की आज डोळ्यांपुढे येतो तो पहाटे तीनला मालिकेचा नववा भाग बघणारा माणूस. शब्दाचं मूळ मात्र परसातलं आहे. इंग्लंडच्या मध्यभागातल्या बोलींत 'बिंज' म्हणजे लाकडी भांडं पाण्यात भिजत घालणं. वापराविना पडलेल्या पिंपाच्या फळ्या सुकून आकसतात, सांधे उघडतात. भिजवलं की लाकूड फुगतं आणि गळती थांबते. बैलगाडीचं चाक नदीत बुडवून ठेवणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. १८५४ साली अ‍ॅन बेकरबाईंनी नॉर्थॅम्प्टनशायरचा बोलीकोश छापला, तोवर तिथला माणूस गुत्त्यावर जाऊन पिंपाऐवजी स्वतःलाच भिजवू लागला होता. फरक इतकाच, की भिजल्यावर पिंपाचं गळणं थांबतं आणि माणसाचं सुरू होतं.

माझं म्हणणं असं, की अतिरेकाचं निदान या शब्दाने धर्मोपदेशकांपेक्षा अचूक केलं आहे. उपदेशकाला अतिरेकात हाव दिसते. बोलीला दिसतो तो त्याआधीचा कोरडेपणा. रोजच्या वापरातलं पिंप कुणी भिजत घालत नाही. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. पुढे मनसोक्त खायची मुभा मिळाली, तेव्हा त्यांतले काही जण पोट तट्ट फुगलं तरी थांबेनात. आपल्याकडे हा प्रयोग विनाअनुदान चालतो. श्रावणाचा कोरडा महिना समोर दिसतो म्हणून गटारी ओली होते. आणि 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हे तर चार शब्दांत आटोपलेलं संशोधन.

कुणी म्हणेल, व्युत्पत्ती म्हणजे पुरावा नव्हे; आजोबा पिंपं भिजवायचे म्हणून नातवानेही तेच करावं असं थोडंच आहे! मान्य. म्हणून तर साक्ष मिनेसोटाची काढली. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: मालिका बघणाऱ्याला कसला आलाय दुष्काळ? २०१३च्या फेब्रुवारीत नेटफ्लिक्सने 'हाउस ऑफ कार्ड्‌स'चे तेराही भाग एकदम सोडले, तेव्हाचा प्रेक्षक आठवड्याला एक भाग या रेशनवर वाढलेला होता. तो तुटून पडला यात नवल नाही. पण आजच्या पोरांनी ती वाट कधी पाहिलेलीच नाही, तरी ती भिजताहेतच. इथे माझा सिद्धांत गळतो, हे कबूल. ती गळती बुजवायला पुन्हा बेकरबाईंकडेच जावं लागतं. भिजवणारा वेगळा आणि भिजणारं पिंप वेगळं होतं, तोवर सगळं ठीक चाललं होतं. लाकूड फुगलं की मालक पिंप बाहेर काढी, कारण त्याला त्यात काहीतरी भरायचं असे. माणूस स्वतःलाच भिजवू लागला तेव्हा दोन्ही कामं एकाकडे आली, आणि पिंप पाण्यातून कधी काढायचं हे ठरवणं पिंपावर येऊन पडलं.