बोलकी भिंत, मुका दिग्दर्शक

जिल्हा परिषदेच्या शाळांत 'बोलक्या भिंती' असतात, हे ठाऊक असलेल्या माणसाच्या हाती मार्कर देऊ नये. विरार पूर्वेच्या चांदीपमधल्या पोरांचं संमेलनातलं नाटक बसवायला मला बोलावलं होतं. मी आधी भिंत बसवली. नांदी, सूत्रधार, स्वगत, जनान्तिक, विंग, एन्ट्री, एक्झिट, ब्लॅकआउट अशा रंगीत पट्ट्या डकवल्या. शिवाय '५ नोव्हेंबर १८४३, सांगली, विष्णुदास भावे, सीता स्वयंवर' ही ठळक अक्षरांत. मराठी रंगभूमी दिन विचारला तर पोरं अडायला नकोत!

पहिल्याच तासाला मी जनान्तिकावर घसरलो. "दोन पात्रं बोलतात ते प्रेक्षकांना कळतं, पण मंचावरच्या बाकीच्यांना ऐकू गेलेलं नसतं. त्याची खूण म्हणजे त्रिपताक हस्त. अनामिका दुमडायची, बाकीची बोटं ताठ." झालं! गणिताच्या तासाला अख्खा वर्ग अनामिका दुमडून एकमेकांना उत्तरं सांगू लागला. बाईंनी पकडलं, तर पोरगं शांतपणे म्हणालं, "बाई, तुम्हाला ऐकू आलेलं नाही."

संमेलनाचं स्टेज नेमकं त्याच भिंतीपुढे बांधलं. जंगलाचा पडदा तोकडा पडला आणि झाडांच्या वर 'स्वगत' झळकत राहिलं. आमचा सिंह वाक्य विसरला. "अडलात तर भिंत बघा," हे मीच शिकवलेलं. त्याने प्रेक्षकांकडे पाठ केली, वर पाहिलं आणि डरकाळी फोडली, "स्वगत!"

मी विंगेतून पुटपुटलो, "आता ब्लॅकआउट झाला तर सुटलो." मेन स्विचपाशी बसवलेला पोरगा भलताच शिस्तीचा. त्याने शब्द ऐकला आणि खटका पाडला. दिवे, माईक, प्रमुख पाहुण्यांचा पंखा, सगळं गप्प.

त्या अंधारात एका पोरीने बाकावर संबळाचा ठेका धरला. तिचं आजोळ मोखाड्याकडचं, तिथला बोहाडा, म्हणजे सोंगांचा उत्सव, तिने जागून पाहिलेला. कुणीतरी मोबाईलचा उजेड पाडला आणि सिंह ठेक्यावर झुलत पुढे आला, अगदी बोहाड्यातल्या सोंगासारखा. त्यामागे ससा, मग कोल्हा. एकालाही वाक्य लागलं नाही. टाळ्या मात्र कडकडून पडल्या.

एन्ट्री म्हणजे काय, हे मी फळ्यावर बाण काढकाढून समजावलं होतं. त्या पोरीला ते आधीच येत होतं, फक्त तिच्याकडे त्याला 'सोंग येणं' म्हणत. मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

तेव्हा नाटक शिकवणाऱ्यांनो, शब्दांची भिंत जरूर करा. पण पहिल्या पट्ट्या पोरांना लिहू द्या, आणि प्रत्येक शब्द आधी करून बघा, मगच डकवा. आणि मेन स्विचपाशी कोण बसलंय, ते पाहूनच तोंड उघडा.