मसल कार उभ्या उभ्या कशी पळवावी

अभिनंदन! १९६४ ते १९७२ च्या दरम्यानची, लांबलचक बॉनेटची, व्ही८ इंजिनाची अमेरिकन गाडी तुम्ही घेतलीत. किंवा घ्यायचं नुसतं मनावर घेतलंत. सुरुवातीला तेवढंही चालतं. आता आयुष्यभराचं काम एकच: या पृथ्वीवर तिच्याहून वेगवान काही नाही, हे चारचौघांत पटवत राहणं. घाबरू नका. त्यासाठी गाडी सुरू करावी लागत नाही.

१. स्टॉपवॉच घरात ठेवू नका. मसल कारचा सगळा संसार पाव मैलाचा, म्हणजे ४०२ मीटरचा. हे अंतर कापायला १९६४ च्या साध्या पॉन्टिॲक जीटीओला पंधराएक सेकंद लागत. अलीकडची व्ही६ इंजिनाची टोयोटा कॅमरी, जिच्या मागच्या सीटवर बिस्किटांचा चुरा सांडलेला असतो तीच, हे काम साडेचौदाच्या आसपास उरकते, तेही एसी लावून. ही माहिती तुम्हाला एकदाच दिली आहे. विसरून जा.

२. आकडा रस्त्यावरून घेऊ नका, मासिकातून घ्या. मासिकही नीट निवडा. मार्च १९६४ चा ‘कार अँड ड्रायव्हर’चा अंक मिळाला तर देव्हाऱ्यात ठेवा. त्यात पॉन्टिॲक जीटीओची गाठ थेट फेरारी जीटीओशी घातली होती आणि पॉन्टिॲकनं शून्य ते ताशी ६० मैल हा वेग ४.६ सेकंदांत गाठल्याचं छापलं होतं. बारीकसारीक तपशिलांत शिरू नका. फेरारी चाचणीला आलीच नव्हती. दोघींची शर्यत झाली ती मुखपृष्ठावरच्या चित्रात. आणि पॉन्टिॲकचे जाहिरातवाले जिम वँगर्स यांनी पुढे बऱ्याच वर्षांनी सांगून टाकलं की त्या झपाटलेल्या गाडीत ३८९ घन इंचांचं नेहमीचं इंजिन नव्हतंच, ४२१ चं होतं. इतर मासिकांना दुकानातली जीटीओ मिळाली, तेव्हा ६० मैलांना साडेसहा ते पावणेआठ सेकंद लागले. ती मासिकं घेऊ नका.

३. हॉर्सपॉवर सांगताना इंजिन गाडीबाहेर आहे असं समजा. कंपन्या तेच करत. इंजिन स्टँडवर चढवायचं. एअर फिल्टर काढायचा, पंखा काढायचा, अल्टरनेटर काढायचा, सायलेन्सरच्या जागी मोकळा पाइप लावायचा आणि मग जो आकडा येईल तो ब्रोशरवर ठळक छापायचा. याला ग्रॉस हॉर्सपॉवर म्हणत. लग्नाच्या बायोडेटात हातात पडणारा पगार न लिहिता सीटीसी लिहितात, तसलाच हा प्रकार. १९७२ पासून अमेरिकी कंपन्या नेट आकडा, म्हणजे सगळं लटांबर जोडलेल्या इंजिनाचा आकडा, देऊ लागल्या. क्रायस्लरनं १९७१ मध्येच आपल्या ४२६ हेमी इंजिनाचे दोन्ही आकडे दिले: ग्रॉस ४२५, नेट ३५०. एका रात्रीत पंचाहत्तर घोडे तबेल्यातून पसार. बिचारे भक्त आजही त्यांच्या शोधात आहेत.

४. आता जरा अवघड धडा. एकाच तोंडानं उलटंही बोलायला शिका. काही कंपन्यांनी आकडे फुगवले तसे काहींनी दाबलेही. फोर्डनं १९६८ मध्ये ४२८ कोब्रा जेटच्या नावापुढे ३३५ हॉर्सपॉवर छापले, शेवरोलेनं कॅमॅरो झेड/२८ ला २९०. दोन्ही इंजिनं त्याहून बरीच दमदार होती. मोठा आकडा दिसला की विमा कंपन्या तरण्या पोरांचा हप्ता वाढवत आणि ड्रॅग रेसमध्ये गाडी वरच्या गटात ढकलली जाई, म्हणून ही नम्रता. तुमच्या मात्र दोन्ही हातांत लाडू. हेमीचा ४२५ अक्षरशः घ्या, कोब्रा जेटचा ३३५ मुळीच घेऊ नका. खरा कोणता, असं कुणी विचारलंच तर जो मोठा तो.

५. अपवादाविषयी असं बोला की तोच नियम वाटावा. १९७० ची एलएस६ इंजिनाची शेव्हेल खरोखर पळायची. तेरा-चौदा सेकंदांत पाव मैल, हे तेव्हाच काय आजही काही कमी नाही. मी तिला मनापासून मानतो. पण शोरूममधून बाहेर पडलेल्या बहुतेक फोर्ड मस्टँग आणि डॉज चार्जर साध्या इंजिनांच्या होत्या, हे सांगत बसू नका. १९६९ च्या झेडएल१ कॅमॅरो एकूण ६९ बनल्या. नुसत्या इंजिनाचे पैसे बाकीच्या गाडीपेक्षा जास्त, त्यामुळे कित्येक डीलरकडे पडून राहिल्या. आज ओहायोत कुठल्याही पेट्रोलपंपावर उभे राहा. भेटेल त्याच्या काकांकडे एक होती आणि ती त्यांनी मातीमोल भावात विकली.

६. निघताना धूर काढा. इतका की पुढचं काही दिसू नये. हे अवघड नाही, कारण त्या काळचे अरुंद बायस-प्लाय टायर एवढी ताकद रस्त्यावर उतरवूच शकत नाहीत. मस्टँग-कॅमॅरोला मागे कमानपाटे; क्लच सोडला की अख्खा ॲक्सल थडथड उड्या मारतो, डॅशबोर्ड खुळखुळतो आणि गाडी जागच्या जागी रागावल्यासारखी होते. पहिल्या मालकानं पॉझिट्रॅक्शनचे, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना ताकद देणाऱ्या डिफरन्शियलचे, जादा पैसे भरले नसतील तर मागचं एकच चाक गरगर फिरतं आणि डांबरावर एकच काळी रेघ उमटते. रेघेचा फोटो घ्या. तेवढ्यात कॅमरी दिसेनाशी झाली असेल, तिचा फोटो घेऊ नका.

७. थांबणं आणि वळणं टाळा. बऱ्याच गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक. पहिल्यांदा लागतात, तापल्यावर नुसते ऐकून घेतात. वळणाची हौस सिनेमात भागवा. १९६८ च्या ‘बुलिट’मध्ये स्टीव्ह मॅक्वीनची मस्टँग सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर डॉज चार्जरचा पाठलाग करते. चार्जरचे व्हीलकप उडतात ते चाकांच्या संख्येहून जास्त आणि एकच हिरवी बीटल पुन्हा पुन्हा मागे पडते. चित्रीकरणातली ती मस्टँग २०२० मध्ये लिलावात ३७ लाख डॉलरच्या वर गेली. एवढे पैसे दिल्यावर कोण शहाणा तिला कोपऱ्यावर जोरात वळवील?

८. वर्षातून एकदा गाडी बाहेर काढा. ऑगस्टमधला तिसरा शनिवार, डेट्रॉइटची वुडवर्ड ॲव्हेन्यू, ‘ड्रीम क्रूझ’ नावाची जुन्या गाड्यांची जत्रा. याच रस्त्यावर साठच्या दशकात पोरं सिग्नल ते सिग्नल शर्यती लावत. आता तिथं अमेरिकेतल्या सर्वात वेगवान म्हणवणाऱ्या गाड्या बंपरला बंपर लावून मुंगीच्या पावलांनी सरकतात. टेंपरेचरचा काटा वर चढतो, बॉनेट उघडतं, मालक शेजारी उभा राहून इंजिन दाखवू लागतो. बघणाऱ्यांना वाटतं, केवढा हा जिव्हाळा! जवळच्या ट्रॉय-नोव्हायकडे राहणारे आपले मराठी इंजिनिअर फोल्डिंगच्या खुर्च्या टाकून बसलेले दिसले तर हसून हात करा, थांबू नका. त्यातला एखादा गाड्यांच्या चाचण्याच करत असतो आणि त्याला नेट-ग्रॉस सगळं ठाऊक असतं.

९. शेवटी सिग्नल. शेजारी एखादी इलेक्ट्रिक गाडी येऊन मुकाट उभी राहील. आवाज नाही, वास नाही, आणि साठ मैलांना चार सेकंदांच्या आत. अशा वेळी ॲक्सिलरेटर दोनदा दाबून घ्या, खिडकी थरथरू द्या. हा आवाज त्या गाडीला कितीही पैसे टाकून येणार नाही आणि त्याबाबत मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा आहे. मग उजवा इंडिकेटर द्या, जणू तुम्हाला मुळातच तिकडं जायचं होतं. हिरवा लागला की वळा. हळू वळा. ब्रेक अजून गरम असतील.