डोळ्यांत तेल, बारा तास

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाला एक कोडे पडले: रडारसमोर बसून पाणबुड्या शोधणारे धडधाकट जवान थोड्याच वेळात गाफील का होतात? नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने एक घड्याळ केले. काटा सेकंदाला एक घर सरके, क्वचित एकदम दोन. ती उडी दिसली की कळ दाबायची, बस्स. माणसे निवडक, शिस्तीतली. तरी पहिल्या अर्ध्या तासानंतर उड्या निसटू लागल्या. हे १९४८ साली छापूनही आले.

आपल्या मॉलच्या दारापर्यंत ते अजून पोचलेले नाही. तिथला रखवालदार बारा तास उभा. चेन उघडा, काठीने डबा-छत्री हलवा, चेन लावा, पुढचा या. हातातले यंत्र प्रत्येक कमरेपाशी किंचाळते. ते पट्ट्याचे बक्कल असते हे यंत्र सोडून सर्वांना ठाऊक. शिवाय शोधायची वस्तू जितकी दुर्मीळ, तितकी ती समोर असूनही न दिसण्याची शक्यता जास्त. म्हणजे वर्षानुवर्षे काहीच न सापडणे हाच इथे मोठा धोका.

दर अर्ध्या तासाने माणूस बदलला तर फरक पडेल. पण माणसाला पगार लागतो; ‘सतर्क राहा’ ही पाटी एकदाच रंगवली की झाले. आणि उद्या काही घडलेच, तर रखवालदाराच्या बेफिकिरीवर चौकशी समिती नेमता येते. तिच्या बैठकीत मात्र दर अर्ध्या तासाने चहा येतो.